चढ सोपा, सपाटी अवघड

चार माणसे जमली की ती कशावर तरी बोलतातच. कीर्तनाहून परतणारी मंडळी बुवांच्या गळ्यावर बोलतात, लग्नाहून परतणारी जिलबीवर आणि बँकेतून निवृत्त झालेली पेन्शनच्या फरकावर. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणज्याच्या टपऱ्यांवर, डोक्याला हेल्मेट आणि अंगाला चिकटून बसलेले रंगीत कपडे घातलेली जी माणसे कांदाभज्यांची वाट पाहत उभी असतात, ती साखळीवर बोलतात. गळ्यातल्या नव्हे, सायकलीच्या.

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायच्या जाड टायरच्या सायकली आता पुण्यात नव्या राहिलेल्या नाहीत. आमच्या तरुणपणी ‘हिरो रेंजर’ ज्याच्याकडे होती त्याला कॉलेजात भाव होता. आज त्या सायकलीला ही मंडळी प्रेमाने ‘आजोबा’ म्हणतात. माझी स्वतःची सायकल साधी, बिनगिअरची आहे आणि ती मंडईपर्यंत जाते, डोणज्यापर्यंत नव्हे. पण आमच्या इमारतीतले एक गृहस्थ या टोळीत आहेत. महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी त्यांच्या मोटारीत बसून मी जातो, ते डोंगरात हिंडून येईपर्यंत पायथ्याशी फिरतो आणि मग चहाला त्यांच्यात सामील होतो. कादंबरी लिहिणाऱ्याला कान देण्याची खोड असते आणि बँकवाल्याला किंमत विचारण्याची. मला दोन्ही आहेत.

पहिल्याच दिवशी मी ऐकलेला संवाद असा :

‘‘तुझं प्रेशर किती?’’

‘‘पुढे बावीस, मागे पंचवीस.’’

‘‘एवढं कमी? रिम आपटेल की दगडावर!’’

जमलेल्यांपैकी निम्मे पन्नाशीच्या पुढचे, त्यामुळे मला क्षणभर वेगळीच काळजी वाटली. पण हे टायरमधल्या हवेचे बोलणे होते. आपल्या लहानपणी टायर दगडासारखा टणक लागला की हवा बरोबर, असा हिशेब होता. डोंगरात तो उलटा होतो. हवा थोडी कमी असली की टायर दगडाला आणि मुळाला धरून चालतो, जास्त असली की चेंडूसारखा उडतो. आत ट्यूबच नसते. असतो तो दुधासारखा चिकट द्रव. बाभळीचा काटा घुसला की हा द्रव भोकाशी धावतो आणि थिजून ते बंद करतो. दर काही महिन्यांनी तो वाळतो, पुन्हा भरावा लागतो. एवढ्या एका गोष्टीवर ही माणसे अर्धा तास बोलू शकतात, आणि खरे सांगायचे तर मीही तो अर्धा तास कंटाळलो नाही.

नंतर विषय निघाला व्हॉल्व्हचा. आपल्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असे, आठवते? मोटारीचा व्हॉल्व्ह वेगळा, जाड. या महागड्या सायकलींचा तिसराच, काडीसारखा बारीक, टोकाला छोटासा स्क्रू. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचे तोंड त्यावर बसतच नाही. लाख-दीड लाखाची सायकल हातात धरून माणूस पानशेतच्या रस्त्यावर उभा, समोर हवा भरणारा उभा, आणि हवा मात्र जात नाही! यावर उपाय म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षाही लहान असा पितळेचा एक तुकडा. तो खिशात असला की कोणत्याही पेट्रोल पंपावर काम होते. टोळीत नव्याने आलेल्या मुलाला सायकल कुठली घेतलीस, असे कोणी विचारले नाही. पितळी तुकडा आहे का, असे विचारले. नव्हता, तर एकाने स्वतःजवळचा जास्तीचा काढून दिला.

घरच्या मंडळींचे या गप्पांबद्दलचे मत फारसे चांगले नाही. ‘‘बायकांनी साड्यांवर बोललं की वेळ वाया जातो, आणि यांनी ब्रेकवर बोललं की ज्ञान!’’ असे एका वहिनींनी मला सुनावले, आणि त्यात तथ्य आहे. किमतीचे बोलणे इथेही आहे. कोणी परदेशातून काय आणले, कोणाच्या सायकलीचा सांगाडा कार्बनचा, कोणाची सायकल बोटाने उचलता येते. पायापेक्षा सायकल हलकी करण्यात काही जणांचे बरेच पैसे गेले आहेत. घसारा ही गोष्ट बँकेत मी तीन तपे पाहिली. अशा वस्तूचा घसारा दुकानाच्या पायरीवरच सुरू होतो, हे मी एकदोघांना सांगून पाहिले. त्यांनी मला दुसरा चहा पाजला.

पण वापराचे बोलणे वेगळे असते. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल चालते, दुसऱ्या काही ब्रेकना मोटारीचे ब्रेक ऑइल लागते. यातले त्यात घातले तर आतली रबरे खराब होतात आणि उतारावर ब्रेक दगा देतो. हे ज्याला माहीत आहे तो ज्याला माहीत नाही त्याला बजावून सांगतो, आणि त्या सांगण्यात काळजी असते. आपल्याकडचे पुरुष एकमेकांना ‘जपून जा रे’ असे सहसा म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘‘मागचे पॅड बघितलेस का? पार झिजलेत.’’ गेल्या वर्षी टोळीतल्या एकाची पत्नी गेली. पुढचे दोन महिने सगळे त्याच्याशी साखळीच्या तेलाबद्दल बोलत होते. तो रोज येत होता.

या बैठकीत सर्वांत मान आहे तो सायकल दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला. संगणकवाले, डॉक्टर, गणिताच्या एक शिक्षिका, सगळे त्याच्यापुढे शाळकरी होतात. बाकीचे चाक ‘ट्रू’ करतात, तो ‘आऊट काढतो’. बाकीचे बेअरिंग म्हणतात, तो छर्रे म्हणतो. मागचे सर्वांत मोठे चक्र एक्कावन्न दात्यांचे आणि पुढचे बत्तिसाचे असले, तर पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात चाक पाऊण फेरादेखील फिरत नाही, म्हणूनच भिंतीसारखा चढ चढता येतो. काळ्या सायकलीचे चाक तेवढ्यात जवळपास अडीच फेरे घेई. हे गणित मला त्यानेच समजावले, शिक्षिकाबाईंच्या साक्षीने. आणि आणखी एक सांगितले ते मी विसरणार नाही. ‘‘काका, दूधवाल्याची चेन घ्या नाहीतर या साहेबांची घ्या, रुंदी कमीजास्त; पण पिनेपासून पिनेचं अंतर दोन्हीत अर्धा इंचच.’’

इथवर सगळे ठीक. पण भजी संपत आली की गप्पा हटकून मोटारींवर येतात. कोणत्या गाडीच्या डिकीत चाक काढून सायकल मावते, मागची सीट कोणाची पूर्ण आडवी होते, मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचे कॅरियर बरे की छतावरचे. मागे बांधली तर नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात आणि पोलीस अडवतो, ते बरोबरच आहे. छतावर टाकली तर ती तिथे आहे हे लक्षात ठेवावे लागते. एका सद्गृहस्थांनी ते लक्षात न ठेवता सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी घातली. त्या सायकलीचे पुढे काय झाले ते कोणी त्यांच्यासमोर बोलत नाही.

सायकल मोटारीत घालून सायकल चालवायला जायचे! आमच्या पिढीच्या माणसाला हे ऐकून हसू येते. मलाही आले. पण या खेळाचा इतिहास पाहिला तर मोटार त्यात पहिल्यापासून आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात, १९७६ साली काही तरुणांनी एका मातीच्या उतारावर शर्यती सुरू केल्या. सायकली भंगारातल्या, १९३०-४० च्या सुमाराच्या, फुग्यासारख्या टायरच्या, मुलांनी पेपर टाकण्यासाठी वापरलेल्या. ब्रेक मागे पायडल मारून लावायचा. जेमतेम साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे चारशे मीटर खाली यायचे. त्या उतारावर ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच पडले ‘रिपॅक’. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्यातली मंडळी. ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी म्हणून मुद्दाम वेगळा सांगाडा घडवला, १९८१ मध्ये कारखान्यात ढीगभर बनणारी सायकल दुकानात आली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. भंगार जमवून, तोडून-जोडून, एकमेकांना सांगून-विचारून हे सारे उभे राहिले. म्हणजे डोणज्याच्या टपरीवर चालते तसल्याच गप्पांतून.

तर ती मुले डोंगराच्या माथ्यावर कशी जात? बऱ्याचदा पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात सायकली टाकून. गाडी चढासाठी होती. इतक्या जड, बिनगिअरच्या सायकली वर नेणे म्हणजे हमालीच.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा घाट ही मंडळी दम खात, घाम पुसत, हौसेने पायडल मारून चढतात. त्यांना गाडी लागते ती सपाटीसाठी. घर ते डोणजे या वीस-पंचवीस किलोमीटरसाठी. या रस्त्यात अवघड चढ नाही, दरी नाही, दगडगोटे नाहीत. आहेत ते उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार, कानाशी कर्णा वाजवत जाणारे टेम्पो, अचानक उघडणारी मोटारींची दारे आणि खडीच्या ट्रकांनी मागे टाकलेली वाळू. दोन वर्षांपूर्वी टोळीतल्या एकाला धायरीच्या अलीकडे एका टेम्पोचा आरसा लागला. खांदा मोडला, तीन महिने गेले. त्यानंतरच्या रविवारी पहिल्यांदा कॅरियरचा विषय निघाला आणि आज निम्म्याहून अधिक सायकली मोटारीतून येतात. लोक याला चैन म्हणतात. मला त्या गप्पांत भीती ऐकू येते. डिकीची लांबी-रुंदी हे तिचे सभ्य रूप.

आणि हे पुण्यात! ज्या शहराची ओळखच सायकलींचे शहर अशी होती, जिथे खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. आता कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे सुरेख संग्रहालय आहे, जरूर पाहा. पण एखादी गोष्ट संग्रहालयात गेली की रस्त्यावरची तिची जागा कोणी घेतली, हेही विचारायला हवे. २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी आली तेव्हा सायकलमार्गही आले. २०१७ मध्ये महापालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकलमार्ग म्हणून जे आखले गेले त्यातले कित्येक मी चालत पाहिले आहेत. मध्येच विजेचा डबा येतो, मध्येच वडापावची गाडी, मध्येच मार्ग संपतो आणि पुढे काय ते लिहिलेले नसते.

छोटा उद्योजक यंत्रासाठी कर्ज मागायला आला की आम्ही एक प्रश्न हमखास विचारत असू : यंत्र घ्याल हो, पण ते चालवायला खेळते भांडवल कुठे आहे? कच्चा माल, पगार, दुरुस्ती? याचे उत्तर ज्याच्याकडे नसे त्याचे यंत्र वर्षभरात गंजे आणि कर्ज आमच्या डोक्यावर बसे. सायकलमार्गांचे तेच झाले आहे. बांधायला एकदा पैसा मिळतो, उद्घाटन होते. रोज तो झाडायचा कोणी, त्यावर लावलेली गाडी उचलायची कोणी, फुटलेली फरशी पंधरा दिवसांत बदलायची कोणी, याची तरतूद नसते. माझ्या मते नवा एक मीटरही न बांधता आहेत ते मार्ग मोकळे आणि सलग करावेत, आणि सुरुवात शाळांपासून करावी : प्रत्येक मोठ्या शाळेभोवतीच्या दोन किलोमीटरपासून. हौशी मंडळींसाठी नव्हे. त्यांच्याकडे डिकी आहे.

ज्यांच्याकडे ती नाही तेही त्याच रस्त्यावर असतात. रविवारी पहाटे आमची मोटार छतावर दोन सायकली घेऊन निघते तेव्हा वाटेत रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन दिसतात, बांधकामावर निघालेले, कॅरियरला डबा अडकवलेले गवंडी दिसतात. मडगार्ड खडखडतोय, मागे दिवा नाही. टोळीतल्या सायकलींना तीन-तीन दिवे. मिस्त्री म्हणाला ते अर्ध्या इंचाचे अंतर मला अशा वेळी आठवते. गेल्या दिवाळीत टोळीने वर्गणी काढून शंभरेक लाल चमकपट्ट्या आणल्या आणि धायरी फाट्यावर उभे राहून अशा सायकलींना चिकटवल्या. उत्तम झाले. पण एका वॉचमनने पट्टी लावून घेताना विचारले, ‘‘साहेब, याने ट्रकवाला थांबेल काय?’’ त्याला उत्तर द्यायला कोणी पुढे झाले नाही.

याच महिन्यात चहाच्या वेळी एकाने आपल्या मुलीचा विषय काढला. मुलगी तेरा वर्षांची, क्लास घरापासून अडीच किलोमीटरवर, रस्ता पूर्ण सपाट. ती सायकलने जायचे म्हणते आहे. वडिलांनी तिच्यासाठी कोणता दिवा घ्यावा, असा त्यांचा प्रश्न होता. अर्धा तास चर्चा झाली. किती ल्युमेनचा, बॅटरी की चार्जिंगचा, मागचा लुकलुकणारा बरा की स्थिर, हेल्मेटवरही एक लावावा काय. आरसा सुचवला गेला, मोठी घंटी सुचवली गेली, पाठीवर घालायचे चमकणारे जाकीट सुचवले गेले. त्यांनी सगळे फोनमध्ये टिपून घेतले आणि त्याच आठवड्यात सगळे विकतही आणले. परवा जिन्यात भेटले तेव्हा मी विचारले, दिवा कसा काय आहे?

‘‘दिवा उत्तम आहे, काका,’’ ते म्हणाले. ‘‘पण क्लासला अजून मीच सोडतो. गाडीने.’’