वाण कोणता चांगला? आधी आपल्या रानाला विचारू



लागणीचे दिवस जवळ आले की धावडा गटात फिरताना एकच प्रश्न कानावर येतो. "साहेब, औंदा बेणं कोणतं लावावं?" प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र तेवढे साधे नाही. शेजाऱ्याच्या फडात ऊस उंच दिसला, की त्याचीच मोळी आणायची आणि लावून मोकळे व्हायचे, अशी रीत पडली आहे. एकदा लावलेला ऊस लागण आणि खोडवे धरून तीन-चार वर्षे रानात राहतो. म्हणजे एका दिवसात ठरवलेल्या बेण्याचे बरे-वाईट आपण तीन-चार वर्षे भोगतो. म्हणून वाणाबद्दल थोडे सविस्तर बोलावे, असे आम्हांस वाटते.

नवा वाण काही जादूने निघत नाही. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे डॉ. बार्बर आणि व्यंकटरामन यांनी गोड, जाड पण नाजूक उसाचा संकर ओढ्याकाठी वाढणाऱ्या रानटी कास जातीशी केला. गोडी एकाची, काटकपणा दुसऱ्याचा. त्यातून को २०५ हा वाण १९१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आज आपण जो कोणता 'को' नंबरचा ऊस लावतो, त्याच्या अंगात त्या रानटी कासाचे रक्त थोडेफार आहेच.

ही युक्ती उसापुरतीच आहे असेही नाही. पॅशनफ्रूट नावाचे वेलीवरचे फळ आहे. त्यातल्या जांभळ्या जातीला स्वाद चांगला, तर पिवळ्या जातीची वेल दणकट आणि रोगाला टिकणारी. कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातील चेट्टळ्ळीच्या केंद्रात या दोघींचा संकर करून 'कावेरी' हा वाण काढला गेला, आणि बाजारासाठी फळ पिकवणाऱ्यांची सोय झाली. फळ असो की ऊस, पैदास करणाऱ्यापुढचे कोडे एकच असते. खाणाऱ्याला हवी गोडी, पिकवणाऱ्याला हवे वजन आणि टिकाऊपणा. दोन्ही एका झाडात बसवायचे.

आता आपल्या राज्याकडे येऊ. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचे. कोइमतूरला उसाला तुरा येऊन चांगले बी धरते, त्या बियांपासून रोपे करायची आणि हजारो रोपांतून एखादे निवडायचे, असे हे काम आहे. आंब्याच्या कोयीतून निघालेले प्रत्येक झाड जसे वेगळे, तसे उसाच्या बियांचे प्रत्येक रोप वेगळे. निवडत, पारखत, निरनिराळ्या ठिकाणी लावून पाहत एक वाण बाहेर पडायला दहा-बारा वर्षे सहज जातात. एके काळी राज्यभर गाजलेले को ४१९ आणि को ७४०, पुढे १९९६ मध्ये शिफारस झालेला को ८६०३२ आणि २००७ मधील कोएम ०२६५, म्हणजे आपला फुले २६५, ही सगळी अशा वाटेने आलेली मंडळी आहेत.

खरा वाद इथेच आहे. सभासद म्हणतो, "मला २६५ परवडतो, टनेज पडतं." कारखाना म्हणतो, "उतारा घसरतो." आम्ही शेतकी खात्याचे लोक दोघांच्या मध्ये उभे. आमचे मत असे की, दोघेही अर्धेच बोलतात.

हिशेब करून पाहा. समजा एका वाणाचा एकरी ४० टन ऊस निघाला आणि उतारा ११ टक्के पडला. एकरी साखर झाली ४.४० टन. दुसऱ्याचा ४६ टन निघाला, उतारा १०.५. साखर झाली ४.८३ टन. इथे उतारा कमी असूनही दुसरा वाण सरस ठरला. आता तिसरा घ्या. ४४ टन ऊस आणि उतारा १०. साखर पुन्हा ४.४० टनच. म्हणजे पहिल्याइतकीच साखर, पण चार टन ऊस जास्तीचा तोडला, वाहिला आणि गाळला. तोडणी-वाहतुकीचा तो खर्च शेवटी तुमच्याच बिलातून जातो. तेव्हा नुसते टनेजही पाहू नये आणि नुसता उताराही पाहू नये. एकरी साखर किती, हा वाणाचा खरा काटा.

उताऱ्याचे मोल किती, तेही ध्यानात घ्यावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढतात. एक लाख टन गाळपावर ०.१ टक्का म्हणजे एक हजार क्विंटल साखर. पण भाव निघतो सगळ्यांच्या सरासरी उताऱ्यावर. ज्याने गोड, पक्व ऊस घातला त्याला आणि ज्याने कोवळा घातला त्याला टनाचा दर सारखाच. मग सभासदाने वजनाच्या मागे धावू नये तर काय करावे? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उपाय व्यवस्थेने करायचा आहे.

पहिला उपाय तोडणीचा. २६५ उशिरा पक्व होतो. त्याला बाराव्या महिन्याच्या आत कोयता लावायचा आणि मग वाणालाच नावे ठेवायची, हे बरोबर नव्हे. लवकर पक्व होणारा ऊस हंगामाच्या आरंभी, ८६०३२ मध्यावर आणि २६५ मागाहून, असा क्रम धरला तर उतारा पुष्कळ सावरतो. शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला, की फड तयार झाला असे समजावे. ओळख-वशिल्यावर नव्हे तर नोंदणीची तारीख आणि ब्रिक्स पाहून तोडचिठ्ठी निघाली पाहिजे, हे आम्ही या पानावर स्पष्ट लिहितो.

दुसरी गोष्ट, सगळे रान एकाच वाणाखाली आणू नये. ऊस आपण टिपरीने वाढवतो. त्यामुळे लाखो एकरांवरचा एक वाण म्हणजे मुळात एकच रोप असते. एखाद्या रोगाला त्यात शिरकाव मिळाला, की तो सगळीकडे शिरतो. उत्तर प्रदेशात को ०२३८ ने शेतकरी आणि कारखाने दोघांनाही चांगले दिवस दाखवले. बहुतेक सगळे क्षेत्र त्या एका वाणाखाली गेले. मग लाल कूज रोग आला आणि उभे फड वाळले. तिथे आता वाण बदलण्याची धावपळ चालू आहे. आपल्यावर ती पाळी यायची वाट पाहू नये.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाडेगाव नीरेच्या कालव्यावर आहे, धावडा अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. आपल्याकडे कुठे काळी जमीन, तर कुठे हातभर खाली मुरूम. मार्चअखेर कितीतरी विहिरी तळ दाखवतात. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा जळालेल्या आपण पाहिल्या आहेत. आपल्याला नुसता जास्त वजनाचा नव्हे, तर एप्रिल-मेचा ताण सोसून पावसाला पुन्हा उठणारा ऊस हवा. तो कोणता, हे पुस्तक सांगणार नाही. आपले रानच सांगेल.

म्हणून आमची मागणी थोडी आहे. गटातल्या दहा-बारा सभासदांनी प्रत्येकी पंधरा गुंठे द्यावेत. ८६०३२, २६५ आणि एक नवा शिफारशीचा वाण, पाच-पाच गुंठे शेजारी-शेजारी लावावेत. लागण एका दिवशी, खत-पाणी सारखे. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणेमळ्यातले असावे. खोडव्याचे किंवा काणी, गवताळ वाढ दिसलेल्या फडातले नको. उगवण, फुटवे, मे महिन्यातील अवस्था, वजन आणि ब्रिक्स यांची नोंद शेतकी खाते ठेवील. लागणीबरोबर खोडव्याचीही नोंद ठेवू, कारण आपला नफा खोडव्यात आहे. कारखान्याने हे आकडे गटवार छापावेत, चांगले-वाईट सगळे.

वाण काढणे शास्त्रज्ञांचे काम आहे आणि ते त्यांनी चोख केले आहे. तो आपल्या मातीत उतरतो का, हे पाहणे आपले काम आहे. ज्यांना जागा देता येईल त्यांनी लागणीपूर्वी गट ऑफिसात नाव नोंदवावे. बेणे पोहोच करण्याची व्यवस्था शेतकी खाते पाहील.