ऊटा आतेन्रि?

दिवाळीच्या सुट्टीत चोर्ला घाट उतरून, साखळी-डिचोलीमार्गे आम्ही पेडण्यात मोरजीला गेलो. मुलांच्या हट्टाखातर रात्री जपानी हॉटेल गाठले. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. तो कोमट हवा. पुढ्यात आले ते गारढोण, टणक गोळे! बिल मात्र चार आकडी.

सासूबाईंनी एक घास खाऊन ताटली सरकवली. आमचे कानडी बोलणे ऐकून खानापूरकडचा वेटर आपुलकीने म्हणाला, "ऊटा आतेन्रि?"

"आतु," त्या हसून म्हणाल्या. नातवंडांसाठी उपाशीपोटी बोललेले ते खोटे मला मात्र झोंबले.

परतताना डिचोलीच्या खानावळीत हुमण-भात, सोलकढी मिळाली. त्यांनी दोनदा भात मागून घेतला. आता हॉटेल ठरवण्याआधी मी त्यांनाच विचारतो, "एन् बेक्रि?"