कणा माझा, निर्णय आत्याचा?

ट्रॅडिशनल डे चार दिवसांवर आला होता. मी ब्लाऊजची ट्रायल देत होते. टेलरकाकू तोंडात टाचण्या धरूनच म्हणाल्या, "अगं, तुझा डावा खांदा खाली येतोय. सरळ उभी राहा ना." मी सरळच उभी होते.

तिथून एक्स-रेपर्यंत पोचायला दोन महिने लागले. मी तेव्हा १९ वर्षांची. फिल्मवर माझा कणा छातीच्या भागात उजवीकडे वळलेला दिसत होता आणि शेजारी आकडा लिहिला होता, ४१. या आकड्याला कॉब अँगल म्हणतात. जॉन कॉब या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८मध्ये ही मोजणी मांडली आणि आजही जगभर तीच वापरतात. वळणाच्या दोन्ही टोकांचे सगळ्यात जास्त कललेले मणके धरायचे आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. तो १० अंश किंवा त्याहून जास्त भरला, तर स्कोलिओसिस.

पुढच्या पंधरा दिवसांत आम्ही दोन ठिकाणी गेलो. एका सर्जननी पाच मिनिटांत सांगितलं, "ऑपरेशन करून टाका, पुढे लग्नाचं वय आहे." एका फिजिओथेरपिस्टनी तितक्याच वेळात सांगितलं, "सहा महिन्यांत सरळ करून देते." घरी आत्याचा फोन आला, "काय ते लग्नाआधी उरकून घ्या." आई गप्प, बाबा गुगलवर. तुला दुखतं का, असं मात्र मला कुणीच विचारलं नाही.

याला तीन वर्षं झाली. मी ऑपरेशन केलेलं नाही. पण 'व्यायाम करा, ऑपरेशन टाळा' असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. माझं म्हणणं एवढंच, की 'व्यायाम की ऑपरेशन' हा प्रश्नच आपण चुकीचा विचारतो. ही दोन्ही एकाच कामाची हत्यारं नाहीत.

आधी व्यायामाबद्दल. स्कोलिओसिससाठी खास व्यायामांची जी पद्धत आज सगळ्यात प्रसिद्ध आहे, ती कॅथरीना श्रोथ यांनी १९२०च्या दशकात जर्मनीत बसवली. त्यांना स्वतःलाच स्कोलिओसिस होता. आरशात बघत दबलेल्या बाजूत श्वास भरायचा, शरीर मधल्या रेषेवर आणायचं आणि ते तिथे धरून ठेवायचं. मी रोज २५ मिनिटं हेच करते. बघायला सोपं वाटतं, पण पाचव्या मिनिटाला घाम फुटतो.

आता जे रील्सवाले सांगत नाहीत ते ऐका. हाडांची वाढ पूर्ण झाली, की व्यायामाने कणा सरळ होत नाही. '३० दिवसांत मणका सरळ' म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय. मग व्यायाम करायचा कशाला? दुखणं कमी होतं, दम वाढतो, तासन् तास बसून असाइनमेंट करता येते. इटलीत १३० प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ अंशांखालची वक्रता असलेल्या या लोकांपैकी ज्यांना स्वतःचं शरीर सावरण्याचे खास व्यायाम आणि दुखण्याची भीती घालवणारं समुपदेशन मिळालं, त्यांना रोजची कामं करणं नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सोपं गेलं. उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे, हे त्यानेच सांगितलंय. पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंवर त्याने खूप मेहनत घेतली आणि २००९मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. कणा वाकडा असतानाच!

आता ऑपरेशन. यात मणक्यांमध्ये स्क्रू बसवतात, त्यांना रॉड जोडतात, वळण जमेल तितकं सरळ करतात आणि हाडाचे तुकडे पसरून ते मणके एकमेकांत कायमचे जुळवतात. कोन खरंच कमी होतो, कधी निम्म्याहूनही जास्त. हे काम कुठलाच व्यायाम करू शकत नाही. पण जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही, आणि हा निर्णय मागे फिरवता येत नाही. जंतुसंसर्ग, रॉड तुटणं, हाड न जुळणं हे धोके असतात. मज्जातंतूंना इजा होण्याची शक्यता कमी, पण असते. वय वाढतं तसा कणा कडक होतो, आणि धोकेही वाढतात.

अमेरिकेत ४० ते ८० वयाच्या, कंबरेच्या स्कोलिओसिसचा त्रास असलेल्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१९मध्ये आले. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचा त्रास दोन वर्षांत बराच कमी झाला. ज्यांनी नाही केलं ते सरासरी होते तिथेच राहिले, म्हणजे फारसे बिघडलेही नाहीत. पण ऑपरेशन केलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना त्या दोन वर्षांतच पुन्हा टेबलावर जावं लागलं. यातलं कुठलंही एकच वाक्य उचलून तुम्ही घरच्यांना गप्प करू शकता. प्रामाणिकपणे वागायचं तर सगळी वाक्यं एकत्र वाचायला हवीत.

आणि काहीच केलं नाही तर? आयोवामध्ये उपचार न घेतलेल्या लोकांचा ५० वर्षं पाठपुरावा केला गेला आणि २००३मध्ये तो प्रसिद्ध झाला. बहुतेकांनी नोकरी, संसार सगळं इतरांसारखंच केलं होतं. मात्र जुनाट पाठदुखी त्यांच्यात ६१ टक्के होती, स्कोलिओसिस नसलेल्यांत ३५ टक्के. म्हणजे आभाळ कोसळत नाही, पण 'काही होत नाही' हेसुद्धा खरं नाही.

मग ठरवायचं कसं? मला शेवटी ज्या डॉक्टर भेटल्या, त्यांनी अर्धा तास दिला. त्यांच्याशी बोलून मी तीन प्रश्न पक्के केले.

पहिला, वाढतंय का? एका एक्स-रेवर कळत नाही. काही महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन शेजारी ठेवावे लागतात. मोजणीतच पाचेक अंशांचा फरक पडू शकतो, त्यामुळे ४१चे ४४ झाले म्हणून रडत बसू नका. ३० अंशांखालची वक्रता मोठेपणी सहसा वाढत नाही. छातीच्या भागात ५०च्या पुढे असेल, तर ती वर्षाला अंशभर वाढू शकते. माझी मधे पडते, म्हणून लक्ष ठेवायचं.

दुसरा, अडतंय का? काही महिने नीट उपचार घेऊनही दुखणं हटत नाही, तोल एका बाजूला जातोय, दम लागतोय, तर ऑपरेशनचा विचार गंभीरपणे करा. पायात जोर नाही, बधिरपणा आहे, लघवीवर ताबा राहत नाही, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जा.

तिसरा, मला काय हवंय? हा सगळ्यात अवघड. आमच्या कॉलेजच्या एका सीनियरची वक्रता ६०च्या पुढे होती आणि वाढत होती. त्याने ऑपरेशन केलं. महिनाभर आई त्याला कुशीवर वळवायची. एक सेमिस्टर गेलं. आज तो बुटाची लेस बांधायला गुडघ्यातून बसतो आणि म्हणतो, "यार, परत वेळ आली तरी हेच करेन." त्याच्यासाठी तो निर्णय बरोबर होता. माझ्यासाठी आज तो घाईचा ठरला असता.

दिसण्याचं काय? ते क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. ट्रायल रूममध्ये मीही रडलेय. ब्रिटनच्या राजकन्या युजिनी यांचं ऑपरेशन १२व्या वर्षी झालं आणि २०१८मध्ये लग्नात त्यांनी मुद्दाम पाठीवरचा व्रण दिसेल असा ड्रेस घातला. म्हणजे ऑपरेशन केलं की खूण उरत नाही, असंही नाही. आरशात तुम्हाला स्वतःला खुपत असेल, तर डॉक्टरांशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला, ते खरं कारण आहे. पण बायोडेटाच्या फोटोसाठी, न भेटलेल्या सासरसाठी पाठीत स्क्रू बसवायचे? आमच्या आत्याचा जीव आहे माझ्यावर, ते मला ठाऊक आहे. पण भूल मला दिली जाणार, तिला नाही.

माझ्या निर्णयाचीही किंमत आहेच. परीक्षेच्या काळात व्यायाम बुडतो आणि आठवड्याभरात पाठ आठवण करून देते. कदाचित चाळिशीत मला ऑपरेशन लागेल, आणि तेव्हा ते आजच्यापेक्षा अवघड असेल. हे कळून मी थांबलेय. घाबरून नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात असा एक्स-रे असेल, तर त्यावर तारीख आहे का बघा आणि तो जपून ठेवा. पाच मिनिटांत उत्तर देणाऱ्याकडून, मग तो सर्जन असो की रीलवाला, उठून दुसऱ्याकडे जा. आणि आत जाण्याआधी कागदावर एक ओळ लिहून न्या, की मला नेमकं काय बरं व्हायला हवंय. मी लिहिलं होतं, 'दोन तासांचं लेक्चर न दुखता बसायचंय.' तेवढं आता जमतं. खांदा अजून खालीच आहे, टेलरकाकू दोन्ही बाजूंचं माप वेगवेगळं घेतात.