दाताची कॅप आणि कॉम्प्युटरचे माप

‘कॉम्प्युटरवर माप घेतले की दाताची कॅप अधिक घट्ट बसते का?’ असे रुग्ण हल्ली विचारतात. स्कॅनरच्या मापासाठी काही जण शहर गाठण्याच्या तयारीत असतात.

कॅपची कड व दात यांत फट राहिली की अन्नकण साचतात, आत कीड लागते. रूट कॅनाल केलेल्या दाताची नस काढलेली असल्याने तो ठणकतही नाही. आतून पोखरला जातो आणि शेवटी काढावा लागतो. मॅक्लीन व फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ साली १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालण्याजोगी मानली. म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग!

तोंडात लगदा भरून घेतलेला साचा काढताना ओढला गेला किंवा वाळून आकसला, तर माप चुकते. स्कॅनरमध्ये हा धोका नाही, उमासेही कमी येतात. एका-दोन दातांच्या कॅपसाठी तो साच्याच्या तोडीस तोड आहे. पण स्कॅनर जे दिसते तेच टिपतो. हिरडीखाली दडलेली, रक्त-लाळेने झाकलेली कड त्याला दिसत नाही. दोरा घालून हिरडी बाजूला सारणे, जागा कोरडी करणे हे दंतवैद्याच्या हाताचेच काम.

म्हणून केवळ स्कॅनर नाही यासाठी गावातला चांगला दंतवैद्य सोडू नये, असे माझे मत आहे. सिमेंट लावण्यापूर्वी कड तपासली का, हे मात्र अवश्य विचारावे. कॅपपाशी वारंवार अन्न अडकत असेल, दुर्गंधी येत असेल, तर ठणक्याची वाट पाहू नये.