आधी तक्रार, मग ब्लॉक

नको असलेल्या फोनांबद्दल कुणी वैतागून बोलू लागलं की दिघीत काय, भोसरीत काय, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये काय, उत्तर ठरलेलं असतं: "ब्लॉक टाक ना, विषय संपला." उत्तर देणारा बहुधा फोन सफाईने वापरणारा असतो आणि समोरच्याला तेवढंही जमत नाही याची त्याला जरा कीव येते. या उत्तराला माझा विरोध आहे. ब्लॉकचं बटण वाईट नाही, मीही ते वापरतो. पण विषय तिथे संपतो ही समजूत खोटी आहे, आणि ती फोन करणाऱ्यांच्या पथ्यावर पडणारी आहे. त्रास देणारा मोकळा राहतो आणि बंदोबस्ताची हमाली त्रास सोसणाऱ्याकडे येते.

आधी ब्लॉक केल्यावर होतं काय ते पाहू. फोन तो एक क्रमांक स्वतःच्या यादीत टाकतो. त्या क्रमांकावरून पुन्हा फोन आला तर घंटी वाजत नाही. बस, एवढंच. मोबाइल कंपनीला याचा पत्ता नसतो, नियामकाला नसतो, फोन करणाऱ्याला तर फिकीरही नसते. मोशी-चऱ्होलीतले फ्लॅट, चाकणच्या पुढचे 'एनए' प्लॉट, 'प्री-अप्रूव्ह्ड' लोन विकणाऱ्या कचेऱ्यांकडे एक क्रमांक नसतो. पीआरआय किंवा एसआयपी प्रकारची एक जोडणी घेतली की तिच्यासोबत क्रमांकांचा गठ्ठाच मिळतो, शिवाय साध्या सिमकार्डांची थप्पी असते ती वेगळी. सोसायटीच्या वॉचमनला "निळ्या शर्टवाल्याला आत सोडू नकोस" एवढंच सांगून ठेवावं आणि विक्रेत्याने दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून यावं, तशी ही राखण आहे.

मेसेजचीही तीच कथा. जाहिरातीच्या मेसेजवर क्रमांक नसतो, इंग्रजी अक्षरांचं नाव असतं. त्यातली सुरुवातीची दोन अक्षरं मेसेज कोणत्या मोबाइल कंपनीच्या कोणत्या सर्कलमधून निघाला ते सांगतात. पाठवणाऱ्याची ओळख त्यापुढे असते. म्हणून एकाच दुकानाचा मेसेज आज 'व्हीएम'ने सुरू होतो, परवा 'जेडी'ने. तुम्ही ब्लॉक केलेलं असतं त्यातलं एक रूप.

याहून गंभीर दाखला आमच्या दिघीतच आहे. डीआरडीओची अभियांत्रिकी प्रयोगशाळा इथे आहे. 2023 च्या मे महिन्यात तिच्या तेव्हाच्या संचालकांना राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने शासकीय गुपिते कायद्याखाली अटक केली. एका तरुणीच्या नावाने पाकिस्तानातून त्यांच्याशी व्हॉट्सॲपवर संपर्क साधला गेला, असा आरोप आहे. खरंखोटं न्यायालय ठरवील, त्यावर मी बोलणार नाही. मला त्या आरोपपत्राच्या बातम्यांतला एकच तपशील इथे हवा आहे: त्यांनी तो संपर्क ब्लॉक केल्यावर लवकरच दुसऱ्या, भारतीय क्रमांकावरून मेसेज आला, आणि त्यात ब्लॉक का केलं अशी विचारणा होती. हेरगिरी आणि प्लॉटविक्री एका तागडीत तोलण्याचा वेडेपणा मी करत नाही. पण ज्याला तुमच्यापर्यंत पोचायचंच आहे त्याला क्रमांक अडवत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी आहे.

यावर दुसरा पक्ष म्हणतो, मग अनोळखी फोन उचलूच नका. आयफोनमध्ये 2019 पासून अनोळखी क्रमांक गप्प करण्याची सोय आहे, व्हॉट्सॲपने ती 2023 मध्ये आणली. ज्यांचं जग फोनबुकात मावतं त्यांना हा उपाय लखलाभ. दिघीत तो फार थोड्यांना परवडेल. इथे घराघरांत लष्कराशी संबंधित माणसं आहेत. मुलगा सीमेवर असेल तर तो उद्या कोणत्या क्रमांकावरून बोलेल हे आईला ठाऊक नसतं. चाकणला ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोराला पाळी बदलल्याचा फोन करणारा सुपरवायझर दर काही महिन्यांनी नवा असतो. पिंपरीच्या वायसीएममध्ये माणूस दाखल असला तर वॉर्डातून येणारा फोन अनोळखीच असतो. पासपोर्टच्या पडताळणीसाठी पोलीस शिपाई स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो. गॅसवाला, टँकरवाला, शाळेच्या व्हॅनचा बदली ड्रायव्हर, सगळे अनोळखीच. चार लबाडांना टाळण्यासाठी या साऱ्यांना दार बंद करायचं? हा तर घरातल्याच माणसाने स्वतःवर लावलेला कर्फ्यू झाला. म्हातारी माणसं तो लावून बसतात, आणि नातू नव्या सिमवरून फोन करत राहतो.

तिसरा पक्ष ट्रूकॉलरवाल्यांचा. ते ॲप उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. पण त्यावर दिसणारी माहिती लोकांनी दिलेल्या नावांवर आणि लोकांनीच मारलेल्या 'स्पॅम'च्या शिक्क्यांवर उभी असते. नवा क्रमांक पहिले काही दिवस कोराच असतो आणि धंदा नेमका त्याच दिवसांत होतो. शिवाय एका स्वीडिश कंपनीच्या यादीत कुणाला 'स्पॅम' ठरवल्याने इथे कुणाचं सिम बंद होत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. तो निराशेचा आहे: "डीएनडी लावून वर्षं झाली, फोन येतातच. सरकारी काम असंच." हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. असे फोन नको असणाऱ्यांची देशभराची नोंदवही, जिला आज आपण डीएनडी म्हणतो, ती दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2007 च्या नियमांनी सुरू केली. पुढे 2010 चे नियम आले आणि 27 सप्टेंबर 2011 पासून ते पुरते लागू झाले. त्याच दिवशी ट्रायने एका सिमवरून दिवसाला शंभरच मेसेज पाठवण्याची मर्यादा घातली होती. थोड्याच आठवड्यांत ती दोनशेवर न्यावी लागली, आणि 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी मेसेजपुरती ती रद्दच केली. गुन्हा विक्रेत्यांचा आणि शिक्षा कॉलेजातल्या पोरापोरींना, असला तो उफराटा न्याय होता. 2018 चे नियम जास्त शहाणे होते. जाहिरात करणाऱ्याने नोंदणी करायची, मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यायचा, आणि पाठवण्यापूर्वी ग्राहकांच्या पसंतीच्या यादीशी क्रमांक ताडून पाहायचे. फोन करायचा तर 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून. बँका आणि तत्सम संस्थांच्या कामाच्या फोनांसाठी 1600 ची मालिका पुढे वेगळी राखली गेली.

इथेच निराशावाद्याच्या कोड्याचं उत्तर आहे. डीएनडी हे नोंदणी केलेल्या विक्रेत्यांना अडवतं. तुम्हाला छळणारे बहुतेक फोन येतात साध्या दहा आकडी क्रमांकांवरून, ज्यांनी नोंदणीच केलेली नाही. त्यांनी कोणतीही यादी ताडलेली नसते, त्यांचं फोन करणंच बेकायदा असतं. त्यांना पकडण्याचा नियमातला हमरस्ता एकच, तुमची तक्रार. डीएनडी लावायचं आणि तक्रार करायची नाही म्हणजे अर्धंच काम करून पूर्ण फळाची वाट पाहत बसणं. (दुसरी एक गळती आपणच करतो. शोरूममधल्या कुपनावर, मॉलमधल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर क्रमांक लिहून खाली टिकमार्क केला की ती संमती ठरते, आणि संमतीपुढे डीएनडी चालत नाही.)

तक्रारीने काय होतं? 12 फेब्रुवारी 2025 ला ट्रायने नियमांत जी दुरुस्ती केली, ती वाचून हा प्रश्न विचारावा. पूर्वी तक्रार तीन दिवसांत करावी लागे, आता सात दिवस मिळतात. तक्रार करायला डीएनडीत नाव असण्याचीही अट उरली नाही. आणि मुख्य गोष्ट: बिनानोंदणीच्या क्रमांकाविरुद्ध कारवाई सुरू व्हायला पूर्वी सात दिवसांत वेगवेगळ्या दहा जणांच्या तक्रारी लागत, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्यांदा दोषी ठरला की पंधरा दिवस त्याच्या सगळ्या जोडण्यांवरून बाहेर फोन बंद. पुन्हा तेच केलं तर सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी तोडायच्या. पाच जण! आळंदी रस्त्यावरच्या कोणत्याही सोसायटीत एका संध्याकाळी एकाच प्लॉटवाल्याचे फोन पाच घरी आलेले सापडतील. ती पाच माणसं काय करतात, तर ज्याची त्याची ब्लॉक यादी वाढवतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लालबुंद चेहरे टाकतात.

कारवाई होत नाही हेही खरं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये ट्रायने मोबाइल कंपन्यांना बिनानोंदणीच्या विक्रेत्यांच्या जोडण्या तोडायला आणि त्यांना दोन वर्षं काळ्या यादीत टाकायला सांगितलं. काही आठवड्यांतच 2 लाख 75 हजारांवर जोडण्या तोडल्या गेल्या आणि 50 संस्था काळ्या यादीत गेल्या. देशाच्या मानाने हे थोडं आहे, मान्य. पण एकट्यादुकट्याच्या ब्लॉक यादीने आजवर किती जोडण्या तोडल्या?

राहिला पोटाचा मुद्दा. भोसरी-चिंचवडच्या कचेऱ्यांत दिवसभर हेडफोन लावून बसलेल्या मुलींची नोकरी का घालवता, असं कुणीतरी म्हणतंच. त्या मुलींवर खेकसणाऱ्यांत मी नाही. शिव्या खायला त्यांना पुढे बसवून मालक आत बसलेला असतो. पण कायद्याने फोनवरची विक्री बंद केलेलीच नाही. नोंदणी करा, ठरलेल्या मालिकेतून बोला, 'नको' म्हणणाऱ्याला सोडा, एवढंच मागणं आहे. जो ग्राहक 'नको' असं लिहून देतो त्याच्यामागे लागून त्या मुलीच्याही वेळेची मातीच होते.

म्हणून माझा क्रम असा. फोन आला, नकोसा निघाला, तर आधी क्रमांक, तारीख आणि काय विकत होते ते 1909 ला कळवायचं. फोन करून, मेसेजने, किंवा आपल्या मोबाइल कंपनीच्या अथवा ट्रायच्या डीएनडी ॲपमधून. मेसेज साध्या बटणांच्या फोनवरूनही जातो, त्याला स्मार्टफोन लागत नाही. नंतर खुशाल ब्लॉक करा. फोन विक्रीचा नसून फसवणुकीचा वाटला, कुणी 'सीबीआयमधून बोलतोय' म्हणून दरडावू लागला, तर जागा वेगळी: संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरचं 'चक्षू', जे मार्च 2024 पासून आहे. पैसे गेलेच असतील तर एक मिनिटही न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन. कर्जवसुलीवाले सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील तर तो रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचनेचा भंग आहे. त्यांना ब्लॉक करून गप्प बसण्यापेक्षा वेळांची नोंद ठेवून कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करणं कर्जदाराच्या हिताचं आहे. कर्ज थकलं म्हणून माणसाचे हक्क थकत नाहीत.

हे सगळं ग्राहकानेच का करायचं, असा उलटा सवाल कुणी केला तर मी त्याच्या बाजूचा आहे. करायला लागू नये. तक्रारीचे तीन-चार दरवाजे आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा, ही सोय झाली की परीक्षा? आज बहुतेक अँड्रॉइड फोनांत ब्लॉक करताना 'स्पॅम म्हणून कळवा' असा पर्याय समोर येतो. लोक तो दाबतात आणि तक्रार झाली असं समजतात. ती माहिती जाते गूगलकडे, 1909 कडे नाही. फोन बनवणारे, गूगल आणि ॲपल यांना भारतात धंदा करायचा आहे ना, मग त्या एका दाबण्यातून क्रमांक आणि तारीख थेट ग्राहकाच्या मोबाइल कंपनीच्या तक्रारवहीत पडली पाहिजे आणि तक्रारीचा क्रमांक मेसेजने परत आला पाहिजे. ट्रायच्या पुढच्या दुरुस्तीत हे कलम यावं.