एस.ओ.एस. म्हणजे नेमके काय?



मोबाइलच्या पडद्यावर कधी कधी 'एसओएस' ही तीन अक्षरे दिसतात. मुले विचारतात, याचा फुल फॉर्म काय? कोणी सांगतो 'सेव्ह अवर सोल्स', म्हणजे आमचे आत्मे वाचवा. कोणी म्हणतो 'सेव्ह अवर शिप', आमचे जहाज वाचवा. खरे पाहता या अक्षरांना कसलाच फुल फॉर्म नाही.

आपले दौंड जंक्शनचे गाव. तारेची कट्-कडकट् येथील जुन्या रेल्वे कामगारांच्या कानांना ओळखीची. तारेच्या त्या मोर्स लिपीत प्रत्येक अक्षर टिंब आणि रेघ यांनी बनते. 'एस' म्हणजे तीन टिंबे, 'ओ' म्हणजे तीन रेघा. तीन आखूड, तीन लांब, पुन्हा तीन आखूड, असा हा न थांबता वाजणारा ठोका. गोंगाटातही तो चटकन ओळखू येतो. जर्मनीने तो १९०५ साली नियमात घेतला. १९०६ च्या बर्लिन परिषदेत अनेक देशांनी मान्य केला व १ जुलै १९०८ पासून तो लागू झाला. अर्थ लोकांनी मागाहून चिकटवले. आत्मा न मानणाऱ्या आपण बौद्धांना तर हे पटायला सोपे आहे. ही हाक आत्म्यासाठी नव्हे, जिवंत माणसासाठी आहे.

पण हाक मारायला साधन लागते आणि ऐकायला कान लागतो. १९१२ च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' बुडताना तिच्या तारबाबूंनी ही हाक दिली. 'कार्पेथिया' जहाजाने ती ऐकली, म्हणून ७०० हून अधिक माणसे वाचली. त्याहून जवळ 'कॅलिफोर्नियन' जहाज उभे होते. त्याचा तारबाबू यंत्र बंद करून झोपला होता.

आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली. बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हते. मुंबईला बातमी कळायला कित्येक तास गेले. कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले, म्हणून काही जीव वाचले. ६०० हून अधिक माणसे गेली.

आता ते दिवस राहिले नाहीत. जहाजांवरची मोर्सची हाक १९९९ साली निवृत्त झाली, आपली तारसेवा २०१३ साली बंद पडली. आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. ११२ क्रमांक लावला की पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांची मदत मागता येते. घरातील लहान मुलांपासून आजीपर्यंत सर्वांकडून तो पाठ करून घ्या. फोन लागताच आधी ठिकाण सांगायचे, मग काय झाले ते, हेही शिकवा.

राहिला प्रश्न कानाचा. भिंतीपलीकडून एखाद्या भगिनीचा आक्रोश येतो आणि आपण 'त्यांच्या घरचे भांडण' म्हणून कूस बदलतो. तिला ना टिंब ठाऊक, ना रेघ. तिचे ओरडणे हाच तिचा एस.ओ.एस. आहे. अशा वेळी दोन शेजाऱ्यांना सोबत घ्या, दार वाजवा, ११२ ला कळवा. यंत्र बंद करून झोपणाऱ्यांत आपली गणना होऊ नये.