राखणदाराची राखण

इंदूरच्या खजराना येथील गणपतीची ख्याती आता माळव्यापुरती राहिलेली नाही. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले हे देवालय. आक्रमणाच्या काळात मूर्ती विहिरीत दडवून ठेवली होती, अशी कथा तेथे सांगतात. आपली दैवते नदीपार नेऊन वाचवणाऱ्यांच्या वंशजांना, म्हणजे आम्हा गोमंतकीयांना, ती परकी वाटण्याचे कारण नाही. बुधवारी तेथे भाविकांची रीघ लागते आणि त्या गर्दीवर कॅमेऱ्यांची नजर असते. आमच्याकडेही फंडपेट्या फोडण्याचे प्रकार वाढल्यापासून देवळोदेवळी हा नवा राखणदार येऊन बसला आहे.

त्याच्या येण्याला आमचा विरोध नाही. प्रश्न त्याच्या पोटापाण्याचा आहे. कॅमेरा किती दूरचे पाहतो, चित्रण किती दिवस राहते, यावर देवस्थान समित्या तासन्‌तास खल करतात. त्याला वीज कोठून आणि कशातून मिळणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. गेल्या पावसाळ्यात एका देवालयाच्या आवारात आम्ही पाहिले ते असे : पागोळ्यांखाली सुतळीने बांधलेला अ‍ॅडॅप्टर, त्यावर दुधाची रिकामी पिशवी आणि मांडवाच्या लोखंडी खांबाला टांगलेला जोडफळा. त्याच खांबाला टेकून एक आजी पालखीची वाट पाहत होत्या.

कॅमेऱ्याची भूक फार नाही. बहुतेकांना १२ व्होल्ट पुरतात आणि तेवढ्याने माणसाला सहसा इजा होत नाही. घातक आहेत ते अ‍ॅडॅप्टरच्या अलीकडचे २३० व्होल्ट. या दोहोंना वेगळे ठेवणारे आवरण अ‍ॅडॅप्टरच्या आत असते आणि स्वस्त, नकली मालात काटकसर होते ती नेमकी तेथेच. खारा वारा आणि दमट हवा आत शिरली की २३० व्होल्टना कॅमेऱ्याच्या खांबापर्यंत वाट सापडू शकते. पिशवीने पाऊस अडतो, हा भ्रम होय. ती आतली वाफ आणि उष्णता तेवढी कोंडते. जाळीदार पत्र्याच्या पेटीतले वीजपुरवठा यंत्रही कोरड्या खोलीसाठी असते, वळचणीसाठी नव्हे.

मग हे बाहेर येते कसे? केवळ निष्काळजीपणाने, असे म्हणणे कारागिरावर अन्याय करणारे ठरेल. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने १ अँपिअर प्रवाह ५० मीटर नेला, तर जाण्यायेण्यात सुमारे साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. रात्री कॅमेऱ्याचे अदृश्य प्रकाशाचे दिवे लागले की उरलेली वीज अपुरी पडते आणि राखणदार ऐन चोराच्या वेळी डोळे मिटतो. तक्रार आली की कारागीर अ‍ॅडॅप्टरच उचलून कॅमेऱ्यापाशी नेतो. तार जाड घेणे, किंवा ज्या केबलमधून चित्र येते तिच्यातूनच सुमारे ४८ व्होल्टनी वीज देणारी पद्धत स्वीकारणे, हा खरा उपाय. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि २३० व्होल्ट कोरड्या खोलीतच राहतात. पेटी बाहेर ठेवणे अटळच असेल, तर ती धूळ व पाणी रोखणाऱ्या आयपी ६५ किंवा ६६ दर्जाची, तारा खालून घेणारी असावी. धातूची असल्यास तिला भूसंपर्कन हवे आणि त्या मंडलावर ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारे साधन हवे. अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहायला तर चष्म्यापलीकडे काही लागत नाही.

हा भयगंड नव्हे. २७ जुलै २०२५ रोजी हरिद्वारच्या मनसादेवीच्या वाटेवर वीजप्रवाह उतरल्याच्या अफवेने चेंगराचेंगरी झाली आणि माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या एका शिवमंदिरात माकडांमुळे तुटलेली तार पत्र्याच्या छपरावर पडली आणि दोघे दगावले. ह्या तारा कॅमेऱ्याच्या नव्हत्या, हे खरे. पण गर्दी, पत्रा, लोखंड आणि ओल यांचा मेळ आमच्या जत्रांतही तोच असतो. खुद्द इंदुरात ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीला, बेलेश्वर महादेव मंदिरातील झाकलेली बावडी खचून ३६ जण मृत्युमुखी पडले. तेथल्या बांधकामाबद्दल महापालिकेने आधी नोटीस दिली होती. देवाच्या जागेत कायदा बाहेर चप्पल काढून उभा राहतो, हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

किरकोळ दुरुस्ती सोडली तर विजेचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे, असा दंडक आहे. कॅमेरे बसवणारा मात्र पुष्कळदा केवळ विक्रेता असतो. समित्यांनी बिल चुकते करण्यापूर्वी परवानाधारकाची सही आणि तपासणीचा कागद मागावा. देवस्थानांचे प्रशासक म्हणून मामलेदारांनी तो दप्तरी लावून घ्यावा आणि वीज खात्याने जत्रेच्या तात्पुरत्या जोडणीबरोबर या कायमच्या तारांवरही नजर टाकावी. कार्तिकात जत्रांना आरंभ होतो. त्यापूर्वी, पावसाने उघडीप दिल्यावर एका सकाळी महाजनांनी परवानाधारकाला सोबत घेऊन आवारात फेरी मारावी आणि वळचणीला लोंबणाऱ्या पिशव्या मोजाव्यात.